आयुष्याची दोरी

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो : "फादर, अजून किती दिवस राहिले असतील हो?" याचे उत्तर आमच्यापाशी नसते. पण समजा, रक्ताच्या एका थेंबावरून ते मिळू लागले, तर त्या उत्तराने आपले समाधान होईल काय?

जिवावरच्या दुखण्यातून कुणी उठला, की त्याची आयुष्याची दोरी बळकट, असे आपण म्हणतो. विज्ञानाला अशा दोरीसारखे काहीतरी खरोखरच सापडले आहे. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. सुंभ उसवू नये म्हणून टोकाला गाठ मारावी, तशी ही टोके गुणसूत्राचे रक्षण करतात आणि पेशी विभागताना थोडीथोडी झिजत जातात. या रक्षणाचे कोडे उलगडणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या झिजेचा आयुष्याशी संबंध रानात तपासणे कठीण असते. दिसेनासा झालेला पक्षी मेला की दूर उडून गेला, हे कळत नाही. हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहातले कझिन बेट मात्र याला अपवाद आहे. तेथील सेशेल्स वटवट्या हा चिमुकला पक्षी सहसा बेट सोडत नाही. १९६८ साली हे बेट पक्षिरक्षणासाठी विकत घेतले गेले, तेव्हा जगात हे पक्षी तिसाहून कमी उरले होते. पुढे त्यांची संख्या वाढली आणि १९८५ पासून त्यांच्या पायांत रंगीत कडी घालून पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवण्यात आली. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असल्याने टेलोमिअर मोजण्यास रक्ताचा थेंब पुरतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांची ही टोके आखूड किंवा अधिक वेगाने झिजणारी, त्यांना मृत्यू लवकर गाठण्याचा संभव अधिक. मग वय काहीही असो.

म्हणजे सारे आधीच ठरलेले आहे काय? तसे नाही. झीज सर्वांची सारखी होत नाही. बेट भरलेले असल्याने अनेक तरुण पक्ष्यांना स्वतःची जागा मिळत नाही. ते जन्मघरीच राहतात, आणि त्यांतील काही, विशेषतः माद्या, अंडे उबवण्यास व पिलाला भरवण्यास हातभार लावतात. २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले, की ज्या वयस्क माद्यांना असे मदतनीस लाभतात, त्यांचे टेलोमिअर कमी झिजतात आणि त्या अधिक काळ जगतात.

येथे आम्ही स्वतःलाच एक इशारा देतो. पक्ष्याच्या माथी पुण्य लादू नये. मदत करणारी मादी बहुधा आप्ताचेच पिलू वाढवीत असते, कधी त्याच घरट्यात आपलेही अंडे घालते. यात तिचा स्वार्थ आहे. शिवाय टेलोमिअर हे झिजेचे कारण की केवळ खूण, हा वादही मिटलेला नाही. आईबापांना कसे वागवावे, हे वटवट्याने आपल्याला शिकवावे, इतकी आपली स्थिती हलाखीची नसावी.

तरीही एक गोष्ट मनात राहते. आपण दोरीची लांबी विचारतो. कझिन बेटावरून उत्तर येते ते तिच्यावर पडणाऱ्या भाराविषयी. लांबी आपल्या हाती नाही. भार मात्र थोडासा आपल्या हाती असतो. पक्षी गरजेपोटी जे करतो, ते माणूस जाणूनबुजून करू शकतो, आणि न करण्याचेही त्याला स्वातंत्र्य आहे. म्हणूनच त्याचे करणे मोलाचे, आणि टाळणे हा दोष.

आणि आणखी एक. मदतीने आयुष्य वाढते, म्हणून मदत करावी, असेही आम्ही म्हणणार नाही. एका दिवसानेही आयुष्य न वाढले, तरी म्हाताऱ्या आईच्या हातची घागर उचलायलाच हवी.

"किती दिवस राहिले?" असे विचारणाऱ्या त्या आजीला आम्ही आता प्रतिप्रश्न करतो, "घरी सोबतीला कोण असतं, आजी?" पुष्कळदा तिला तेच सांगायचे असते.