नलकूबराची वाट

'आयर्न मॅन ३' २०१३ साली चीनमध्ये लागला, तेव्हा त्यात जगात इतरत्र कुणीच न पाहिलेली काही मिनिटं होती. एक चिनी डॉक्टर दूध पितो, तेही चटकन ओळखू येईल अशा चिनी कंपनीचं. फान बिंगबिंगसारखी नामवंत अभिनेत्री शस्त्रक्रियेच्या वेळी दोन वाक्यं बोलते आणि नाहीशी होते. कथेचं त्यावाचून काहीच अडलं नसतं. चिनी प्रेक्षकांच्या ते लगेच ध्यानात आलं, आणि अनेकांना रुचलं नाही. पाहुण्यानं उंबरा ओलांडताच यजमानाच्या तिजोरीकडे बघून हसावं, तसं ते होतं.

उत्पन्नात वाटा देण्याच्या बोलीवर चीन वर्षाला मोजकेच परदेशी चित्रपट घेतो. २०१२ पासून ३४. त्या मोजक्यांत नंबर लागावा म्हणून हॉलिवूडनं स्वतःला फार मुरड घातली. 'रेड डॉन'मध्ये अमेरिकेवर चालून येणारं सैन्य चित्रीकरणाच्या वेळी चिनी होतं. नंतर संगणकावर झेंडे बदलून ते उत्तर कोरियाचं केलं. 'टॉप गन'च्या नव्या भागाची झलक २०१९ मध्ये आली, तेव्हा नायकाच्या जॅकेटवरचे जपान आणि तैवानचे झेंडे गायब होते. २०२२ मध्ये चित्रपट आला तेव्हा ते पुन्हा जागेवर होते. एका जॅकेटच्या पाठीवर एवढी भीती मावावी याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही सगळी कसबी माणसं आहेत.

याच हॉलिवूडनं २००८ मध्ये 'कुंग फू पांडा' केला होता. धुक्यातले डोंगर, देवळाच्या पायऱ्या, गुरूचा राग आणि माया, नूडल्सचं दुकान चालवणारा हंस बाप आणि त्याचा पांडा लेक. कुणीतरी चिनी चित्रं, इमारती, मार्शल आर्टचे जुने चित्रपट वर्षानुवर्षं बघत बसलं होतं, हे पडद्यावर दिसतं. तेव्हा चीनमध्येच प्रश्न उठला, की पांडा आपला, कुंग फू आपलं, मग हे आपल्याला का सुचलं नाही? आशियाच्या हाती पैसा येत असताना पश्चिमेच्या कलावंतांनी काय करावं, याचं उत्तर मला त्या बघत बसण्यात दिसतं. गल्ल्याचा हिशेब मागाहून होईल.

चीननं आपल्या त्या प्रश्नाला २०२५ मध्ये जोरदार उत्तर दिलं. 'नेझा २' या चिनी अ‍ॅनिमेशनपटानं २ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि जवळजवळ सगळी कमाई घरच्याच प्रेक्षकांकडून झाली.

हा नेझा म्हणजे पायाखाली अग्निचक्रं असलेला हट्टी पोरगा. अभ्यासक त्याचं मूळ नलकूबरात शोधतात. कीर्तनात आपण ऐकलेला नलकूबर: बाळकृष्ण उखळ ओढत जातो, दोन अर्जुनवृक्ष कडाडून कोसळतात आणि त्यातून कुबेराचे दोन मुलगे शापमुक्त होऊन उभे राहतात, त्यांतला एक. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर तो चीनला पोचला. लांबलचक नाव चिनी अक्षरांत बसवलं गेलं, ते झिजत झिजत दोन अक्षरांवर आलं. कुठल्याशा पिढीनं त्याला चाकं दिली, कुठल्याशा पिढीनं बापाशी भांडण. या साऱ्याला शेकडो वर्षं लागली, आणि आज तो तिथल्या घराघरातला आहे. त्याचा बाप, हातात मनोरा धरलेला सेनापती ली जिंग, तोही मूळचा वैश्रवण. म्हणजे कुबेरच.