घोड्याचा चारा : दान की ऋण

परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या काळ्या जमिनीच्या गावात घोड्यासाठी वैरण विकत घेणे ही वरवर पाहता केवळ जमाखर्चाची बाब आहे. परंतु जो प्राणी नांगराला जुंपला जात नाही, दूध देत नाही आणि ज्याच्या मुखी घातलेला घास लोकांच्या पुण्याच्या हिशेबातही फारसा धरला जात नाही, त्याच्यासाठी धन्याने वर्षानुवर्षे रोख पैसे का मोजावेत, असे विचारले की हा जमाखर्च धर्मविचाराच्या प्रांतात शिरतो. गाईला गोग्रास आहे, गोशाळेला चारा देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते आणि बैलाला वर्षातून एकदा पोळ्याचा मान आहे. घोड्याची पूजा दसऱ्याला होते, पण दसऱ्याचे ते पूजन त्याच्या पाठीचे आणि त्यावर बसून गाजवलेल्या पराक्रमाचे असते, त्याच्या पोटाचे नसते. त्यामुळे घोड्याच्या चाऱ्यावरील खर्च हे धर्मविचाराच्या दृष्टीने एक निर्भेळ उदाहरण ठरते, कारण त्यातून पुण्याचा लाभ वजा केला, कामाचा मोबदलाही वजा केला, तरी जे कर्तव्य उरते त्याचे स्वरूप काय, हे तेथे स्वच्छ पाहता येते.

प्रचलित समजूत अशी की मुक्या प्राण्याला घास घालणे हे दान आहे. धर्मशास्त्रात मात्र दानाची व्याख्या काटेकोर आहे. एखाद्या वस्तूवरील स्वतःचे स्वत्व, म्हणजे मालकी, संपवून ती दुसऱ्याच्या मालकीची करणे म्हणजे दान, आणि ते पूर्ण होण्यासाठी समोरच्याने तिचा स्वीकार करावा लागतो. या स्वीकाराला प्रतिग्रह म्हणतात. घोडा प्रतिग्रह करू शकत नाही, त्याच्यापुढे टाकलेल्या पेंढीवर त्याची मालकी निर्माण होत नाही, आणि ती पेंढी नाकारून दुसऱ्या दात्याकडे जाण्याची मोकळीक दावणीला बांधलेल्या जनावराला नसते. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. रानात चरणाऱ्या प्राण्याची भूक भागवणे ही कृपा म्हणता येईल. पण ज्याचे चरणे माणसाने दोरीने थांबवले, त्याची भूक ही त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची जबाबदारी होते, आणि अशा जबाबदारीला परंपरेतील योग्य शब्द ऋण हाच आहे.

ऋणाची कल्पना वैदिक परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांच्या संदर्भात प्रसिद्ध आहे. प्राणिमात्रांचा भाग पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात येतो. गृहस्थाने रोज करावयाच्या पाच यज्ञांपैकी भूतयज्ञ म्हणजे शिजलेल्या अन्नातून इतर जिवांसाठी काढून ठेवलेला वाटा. हा वाटा मुठीएवढा असतो, प्रतीकाने भागतो आणि कर्त्याच्या घरखर्चावर त्याचा भार जाणवत नाही. घोडा प्रतीकाने जगत नाही. त्याला रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के इतका कोरडा आहार लागतो. म्हणजे तीनशे किलो वजनाच्या देशी घोड्याला दिवसाला साडेचार ते सहा किलो आणि वर्षाला साधारण दीड ते सव्वादोन टन. शिवाय घोडा रवंथ करीत नाही. गाईबैलांच्या पोटात चाऱ्यावर जी प्रक्रिया आधी होते ती त्याच्या मोठ्या आतड्याच्या भागात, पचनाच्या उत्तरार्धात होते, आणि त्याला उलटीही करता येत नाही; त्यामुळे बुरशी लागलेली, भिजून काळी पडलेली वैरण त्याच्यापुढे टाकली तर पोटशूळ उठून तो दगावू शकतो. स्वस्तातला खराब चारा घालून कर्तव्य उरकण्याची वाट येथे निसर्गानेच बंद केलेली आहे. कठोपनिषदाने शरीराला रथ आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे; तत्त्वज्ञांच्या त्या घोड्यांना लगाम लागतो, मन लागते, बुद्धी लागते, मात्र कडबा लागत नाही, हे त्या सुंदर रूपकाचे सुख आहे.

या ऋणाचा सर्वांत मार्मिक दाखला वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात सापडतो. शृंगवेरपुरी निषादराज गुह रामापुढे अन्न, पेय, शय्या आणि घोड्यांसाठी चारा आणून ठेवतो. वनवासाचे व्रत घेतलेला राम स्वतःसाठी काहीही स्वीकारीत नाही, पण घोड्यांचा चारा तेवढा मागून घेतो आणि हे घोडे आपल्या पित्याचे आवडते आहेत असे सांगतो. येथे तपस्व्याचा प्रतिग्रह न करण्याचा नियम मोडला असे म्हणता येत नाही, कारण नियम ज्याने घेतला त्यालाच तो बांधतो. व्रत रामाचे होते, घोड्यांचे नव्हते. धन्याच्या वैराग्याचा, दारिद्र्याचा किंवा संकटाचा भार जनावराच्या पोटावर टाकता येत नाही, हे तत्त्व या प्रसंगात उपदेशाचा एक शब्द न उच्चारता मांडले गेले आहे.

मात्र हा चारा गुहाने दिला, रामाने विकत घेतला नाही. आणि येथेच पुढचा प्रश्न उभा राहतो. जनावराचे ऋण फेडण्यासाठी तिसऱ्याच्या गंजीतून पेंढ्या उचलल्या तर ते ऋण फिटते का? मराठी इतिहासात या प्रश्नाला दिलेले उत्तर एका पत्रात नोंदलेले आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना जे पत्र पाठवले, त्याचा विषय दाणा आणि वैरण हाच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली सामग्री आरंभीच उधळली तर पुढे घोडी मरतील आणि त्यांना मारल्याचा दोष तुमच्यावरच येईल, असे त्यात बजावले आहे. मग उपाशी शिपाई कुणब्यांच्या घरात शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण घेऊ लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, अशी पुढची साखळीही त्यात स्पष्ट आहे. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, हा त्यातील आदेश. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंतचा तपशील त्या पत्रात आहे, आणि वैरणीचे मोल ओळखणारा राज्यकर्ता कसा विचार करतो ते या एका तपशिलावरून कळते.

राम आणि शिवाजी महाराज यांच्या भूमिकांत वरकरणी विरोध दिसतो. एकाने फुकट दिलेला चारा घेतला, दुसऱ्याने फुकट घेण्याची मनाई केली. पण गुह हा आपल्या राज्यात समर्थ होता आणि त्याला नाही म्हणता येत होते, तर दारात उभ्या असलेल्या हत्यारबंद स्वाराला कुणबी नाही म्हणू शकत नव्हता. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडून घेतलेली वस्तू भेट नसते. हा विवेक पुढच्या काळात टिकला नाही. अठराव्या शतकात मराठी फौजा चौथाईच्या जोडीने घासदाणा नावाची वसुली करू लागल्या. घासदाणा म्हणजे फौजेच्या घोड्यांच्या चाराचंदीच्या नावाने प्रदेशावर बसवलेली खंडणी, आणि निजामाच्या अमलाखालील मुलूख व वऱ्हाड हे तिचे मोठे क्षेत्र होते. घोड्याचे ऋण त्यामुळे फिटलेही असेल. परंतु ते फेडले शेतकऱ्याने, ज्याने तो घोडा कधी बांधला नव्हता. अश्वमेधाचा घोडाही वर्षभर इतरांच्याच कुरणात चरत असे आणि त्याला अडवणे म्हणजे युद्ध, हे लक्षात घेतले तर ही सवय किती जुनी आहे याची कल्पना येते.

म्हणूनच आज पेडगावच्या परिसरात घोड्याच्या धन्याला कडब्यासाठी रोख रक्कम मोजावी लागते, ही गोष्ट केवळ तक्रारीची नाही. गायरान आणि बांधावरचे गवत फुकट होते असे मानले जात असे, तेव्हा त्याची किंमत कोणी ना कोणी देतच होते; बाजारात ती उघड होते एवढेच. कडबा, म्हणजे कणसे खुडल्यानंतर उरलेली ज्वारीची वाळलेली ताटे, पेंढ्या बांधून शेकड्याच्या भावाने विकला जातो. मराठवाड्यात सोयाबीन आणि कापूस वाढले आणि खरिपाच्या ज्वारीचे क्षेत्र घटले, तेव्हा कडब्याचा मुख्य आधार रब्बीची ज्वारी उरली. ज्वारीच्या वाणात दाण्याबरोबर कडब्याचा दर्जाही पाहण्याची शेतकऱ्याची रीत जुनी आहे. मालदांडीची ख्याती दोन्हींसाठी आहे, आणि परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ या वाणाकडेही शेतकरी त्याच नजरेने पाहतो. सोयाबीनच्या भुसकटाने कडब्याची उणीव भरून निघत नाही. चढ्या भावाचा भार घोडेवाल्याला बोचतो, पण तोच भाव ज्वारी पेरणाऱ्याच्या पदरात पडतो. दाण्याच्या भावात त्याचा खर्चही निघत नाही अशा वर्षी कडबाच त्याला तारतो.

तरीही मोल देणे म्हणजे न्याय झाला असे समजणे घाईचे ठरेल. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात निघते, तेव्हा कडबा मुबलक आणि स्वस्त असतो. ज्याच्याकडे त्या वेळी पैसा आणि साठवायला कोरडी जागा असते तो वर्षाची गंजी रचून ठेवतो, आणि ज्याच्याकडे नसते तो वैशाख-ज्येष्ठात थोड्या थोड्या पेंढ्या चढ्या भावाने घेतो. एकाच घोड्याचा घास गरिबाला महाग पडतो. वरातीच्या हंगामावर जगणाऱ्या घोडेवाल्यांची २०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबताच जी अवस्था झाली, तिच्यात हेच दिसून आले की उत्पन्न शून्यावर येते पण दिवसाचे सहा किलो सहाच राहतात. दुष्काळात शासन चारा छावण्या उघडते. २०१९ साली मोठ्या जनावरामागे रोज नव्वदऐवजी शंभर रुपये अनुदान करण्यात आले. त्या आकड्याकडे पाहिले तर जनावराचे पोट ही समाजाने वाटून घ्यावयाची बाब आहे हे तत्त्व मान्य झालेले दिसते. मात्र ती गुराढोरांसाठी, शेतीच्या उपयोगाच्या नात्याने.

उपयोग संपल्यावर काय, याचे उत्तर कौटिल्याने देऊन ठेवले आहे. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे, म्हणजे घोड्यांवरील अधिकाऱ्याचे, प्रकरण आहे, त्यात घोड्यांची नोंद भेट आलेले, विकत घेतलेले, युद्धात मिळालेले अशा प्रकारांनी ठेवावी, असे सांगून युद्ध, रोग, वार्धक्य यांनी क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरता आहार चालू ठेवण्याची व्यवस्था केली आहे. कौटिल्य भावनाशील म्हणून ओळखला जात नाही. त्यानेही हा खर्च राज्याच्या हिशेबात धरावा, याला वजन आहे. आजचा १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदाही जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणाऱ्या मालकाला दोषी ठरवतो. वारकरी परंपरेत याहून वेगळे एक उदाहरण आहे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात आणि त्यांपैकी एकावर स्वार नसतो, कारण त्यावर माउली बसल्या आहेत अशी श्रद्धा आहे. पाठ रिकामी असली तरी त्या अश्वाचा चारा पूर्णच लागतो, आणि तो घालताना उपयोगाचा प्रश्न कोणी काढत नाही.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक चाल पाहते, दात पाहून वय ठरवते, आणि अंगावरील केसांचे भोवरे तपासते. गळ्यावरील देवमण हा भोवरा धन्याला लाभदायक मानला जातो. वय झालेला घोडा विकून मोकळे होणारा धनी असे मानतो की चाऱ्याची जबाबदारी दाव्याबरोबर पुढच्या हाती गेली. व्यवहारात ऋण दुसऱ्याच्या नावावर करायचे तर धनकोची, म्हणजे ज्याचे देणे आहे त्याची, संमती लागते. येथे धनको घोडा आहे आणि तो संमती देऊ शकत नाही. तेव्हा विक्रीने घोड्याची मालकी बदलते, पण त्याचे जुने देणे विकणाऱ्याच्या खात्यातून निघत नाही. निदान घेणाऱ्याच्या घरी गंजी आहे का, आणि ती ज्येष्ठापर्यंत पुरेल का, एवढे विचारल्याशिवाय दावे हातातून सोडण्याचा अधिकार त्याला पोचत नाही.