पडद्यामागची नोंद

अंध माणूस स्मार्टफोन कसा वापरतो, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर तयार असतं: फोन बोलतो ना! उत्तर खरं आहे, पण अर्धं. बोलणं हा त्यातला सोपा भाग. काय बोलायचं हे फोनला कळतं कुठून, हा खरा प्रश्न आहे.

डोळसांची समजूत अशी असते की स्क्रीन रीडर, म्हणजे फोनला बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, पडदा पाहतो आणि दिसेल ते वाचतो. तसं नसतं. अँड्रॉइडवरचं टॉकबॅक किंवा आयफोनवरचं व्हॉइसओव्हर एरवी पडद्यावरच्या चित्राकडे जात नाही. त्या चित्रामागे ॲपने सिस्टीमकडे एक नोंद दिलेली असते: हे बटण आहे, त्याचं नाव ‘पैसे पाठवा’, ते सध्या दाबता येतं; हे मथळ्याचं वाक्य; ही मोबाइल नंबर लिहायची जागा. स्क्रीन रीडर ही नोंद वाचतो. शेत डोळ्यांसमोर कितीही हिरवंगार असो, सातबाऱ्यावर नसेल तर कचेरीच्या लेखी ते नसतंच. इथला न्यायही तोच. जे नोंदलेलं नाही, ते अंध वापरकर्त्यासाठी अस्तित्वातच नाही.

रूपापेक्षा त्यामागची नोंद महत्त्वाची, हा विचार पुण्यात वाढलेल्या एका माणसाच्या कामात फार स्पष्ट दिसतो. टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या 14व्या वर्षी काचबिंदूने गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि पुढे आयआयटी मुंबईत शिकून ते अमेरिकेत कॉर्नेलला गेले. 1994 साली त्यांनी पीएचडीसाठी ‘ॲस्टर’ नावाची प्रणाली मांडली. उच्च गणिताचा मजकूर ऐकवायचा, हे तिचं काम. छापील समीकरणात अर्थ जागेवर अवलंबून असतो: अपूर्णांकाचा छेद खाली, घातांक वर कोपऱ्यात. पानावरची अक्षरं ओळीने वाचत गेलं की सगळा अर्थ सांडून जातो. रामन यांनी पान बाजूला ठेवलं आणि ते पान ज्या ‘टेक’ भाषेत लिहिलेलं होतं, ती मूळ संहिता हाती घेतली. तिच्यात घातांक वेगळ्या खुणेने स्पष्ट लिहिलेला असतो. मग तो कागदावर वर चढवायचा की आवाजात वरच्या पट्टीत म्हणायचा, हा मांडणीचा प्रश्न उरतो. अर्थ एक, रूपं दोन. आणि दोन्ही रूपं सारख्याच मानाची.

पुढे गुगलमध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी अँड्रॉइडसाठी काम सुरू केलं, तेव्हा हीच दृष्टी उपयोगी पडली. जुन्या फोनवर 5च्या बटणावर उंचवटा असायचा. बोट त्यावर ठेवलं की बाकीचे आकडे आपोआप सापडत. काचेचा पडदा आला आणि तो आधार गेला. रामन आणि चेन यांनी वेगळीच युक्ती काढली: बोट काचेवर पहिल्यांदा जिथे टेकेल, तिथेच 5. बाकीचे आकडे त्याच्याभोवती, नेहमीच्या जागी. आकडे बोटाला सापडायला हवेत, एवढंच मूळ प्रयोजन होतं. उंचवटा हा त्याचा एक उपाय होता. 2009 साली टॉकबॅक आलं. त्याच वर्षी आयफोन 3जीएसवर व्हॉइसओव्हर आलं. त्यात बोट फिरवलं की खाली काय आहे ते ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की ते उघडतं, उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट. ज्या सपाट काचेने दार बंद होईल असं वाटलं होतं, तिनेच ते उघडलं.

पण हे सगळं नोंद असेल तरच. बटणावर बाणाचं सुंदर चित्र आहे आणि नाव लिहिलेलं नाही. मग फोन नुसतंच ‘बटण’ म्हणतो. एकापाठोपाठ पाच वेळा ‘बटण, बटण’ ऐकणाऱ्याने त्यातलं कुठलं पैसे पाठवतं आणि कुठलं व्यवहार रद्द करतं, हे कसं ओळखायचं? ठळक, मोठी अक्षरं केली म्हणून मथळा होत नाही. मथळा अशी नोंद केली तरच मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, नाहीतर सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं.

मराठीत याचा आणखी एक नमुना आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध देवनागरी दिसतो. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि कानावर निव्वळ गोंधळ पडतो. एखादा आदेश स्कॅन करून पीडीएफ केला, तर तिथे अक्षरंही नसतात, नुसता फोटो असतो. मराठी बोलणारा उत्तम आवाज फोनमध्ये असूनही अशा कागदापुढे तो मुका होतो.

रूपालाच प्रयोजन समजण्याची ही चूक बटणांपुरती थांबत नाही. बँकेच्या ई-केवायसीत ‘डोळे मिचकवा’ असं सांगितलं जातं. पडताळायचं असतं ते इतकंच, की समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे. पापण्यांची हालचाल हा त्याचा फक्त एक पुरावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि मिचकवण्याला पर्याय देण्यास सांगितलं.

आता चित्र पाहून अंदाज बांधणारी यंत्रणा फोनमध्ये आली आहे. नाव नसलेल्या बटणावर हृदयाचा आकार आहे, हे ती सांगू शकते. पण ते दाबल्यावर वस्तू आवडत्या यादीत जाईल की कुणाला ‘लाइक’ पोचेल, हे आकारात नसतं. तिची मदत मोलाची आहे. पण पैशाच्या व्यवहारात अंदाजावर बोट टेकवायला कुणालाही लावू नये. बटण काय करतं हे ते बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ते त्याने एका ओळीत लिहायचं, आणि ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी पडदा बंद ठेवून एक व्यवहार स्वतः पुरा करून पाहायचा. हे उपकार म्हणून करायचं नाही. ॲप पुरं झालं असं म्हणण्याआधीचं ते शेवटचं काम आहे.