राजाचे नाणे, विधवेची आठवण
वाचन : मार्क १२:३८ ते १३:२



लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये यहूदी राजा अलेक्झांडर यान्नायस याची तांब्याची नाणी जपून ठेवली आहेत. इ.स.पू. १०३ ते ७६ हा त्याचा राज्यकाल. नाणे अगदी लहान, वजन जेमतेम एक ग्रॅम. एका बाजूस जहाजाचा नांगर, दुसऱ्या बाजूस आठ किरणांचा तारा. साच्यात धातूचा रस ओतून चकत्यांची माळ काढीत व त्या तोडून वेगळ्या करीत. म्हणून कडा ओबडधोबड, आणि छापही पुष्कळदा एका अंगाला सरकलेला.

या राजाने नाण्यावर आपले नाव घातले. त्याने सुमारे ८०० विरोधकांना वधस्तंभावर दिले, असे इतिहासकार योसेफस लिहितो. पण आज हे नाणे कोणाचे म्हणून ओळखतात? विधवेचे! ही नाणी प्रभू येशूच्या काळीही चालत होती, आणि तिच्या दोन टोल्या अशाच असाव्यात असे मानतात. छाप राजाचा, आठवण मात्र जिचे नावही शुभवर्तमानात नाही तिची.

दोन टोल्यांची किंमत एक दमडी, असे मार्क सांगतो. अशा ६४ दमड्यांचा एक दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्युझियममध्ये नाणे तोलतात. प्रभूने मात्र, नाणे टाकल्यावर हाती काय उरले ते तोलले. श्रीमंतांजवळ पुष्कळ उरले; तिच्याजवळ काहीच नाही.

एवढे आपण दर उपकारस्तुतीच्या सणाला ऐकतो. पण जरा आधीच्या ओळी पाहू या. विधवांची घरे बळकावणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभू सावध करतो, आणि लागलीच ही विधवा येते. पुढे तो मंदिराच्या नाशाचे भाकीत करतो, इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते जमीनदोस्त केले. प्रभूने तिच्या अर्पणाची थोरवी सांगितली. तिला कंगाल करणाऱ्यांची नव्हे.

उपासनेनंतर आपण दानाची थैली मोजतो व रक्कम वहीत लिहितो. पण त्यातले शेवटचे नाणे कोणी टाकले, आज तिच्या घरी चूल पेटली काय, हे कोणत्या वहीत लिहिले आहे? तिच्यापासून आपण देणे शिकावे, हे खरेच. परंतु ती मंडळीतून रिकाम्या हाती घरी जाऊ नये, हे पाहणेही आपलेच काम आहे. यरुशलेमातील पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटणीकडे दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा त्या कामासाठी सात जण नेमण्यात आले (प्रेषितांची कृत्ये ६).

संडे स्कूलमध्ये हा पाठ शिकविताना एखादे मूल विचारील, "मग त्या रात्री ती काय जेवली?" त्याचे उत्तर शास्त्रात लिहिलेले नाही. ते आपल्या मंडळीने द्यायचे आहे. ते देण्यास प्रभू आपणांस कृपा पुरवो.