तिरोहित दोष : तसबिरीचा व्यवसाय आणि ‘सेकंडचा माल’

रंगछटेतील फरक, ओरखडा, पीळ किंवा पॉलिशमधील डाग यांमुळे पहिल्या प्रतीतून बाद ठरलेला आणि म्हणून कारखान्याकडून कमी भावाने विकला जाणारा माल व्यापारात ‘सेकंडचा माल’ या नावाने ओळखला जातो. तसबिरी मढवून देणारा दुकानदार अशा पट्ट्या, काचा आणि पाठीचे पुठ्ठे घेतो तेव्हा दोष त्याला ठाऊक असतो आणि स्वस्त भावाच्या रूपाने त्याची भरपाईही त्याला मिळालेली असते. त्यामुळे या पहिल्या व्यवहारात अधर्म शोधण्याचे कारण उरत नाही. खरेदीनंतरच्या पश्चात्तापातून उद्भवणाऱ्या वादाला नारदस्मृतीत ‘क्रीतानुशय’ म्हटले असून, वापरलेले, मळलेले आणि सदोष वस्त्र विकत घेतल्यावर ते विक्रेत्याकडे परत जात नाही, असा दंडक तेथे आहे. खरा प्रश्न तोच माल तसबिरीच्या रूपाने गिऱ्हाइकाच्या हाती जातो तेव्हा उभा राहतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दुसऱ्या वस्तूची भेसळ असलेली, निकृष्ट, मापात कमी, दूर असलेली किंवा ‘तिरोहित’, म्हणजे झाकलेली, वस्तू विकण्यास मनाई केली आहे. यांपैकी शेवटचा निषेध तसबिरीच्या व्यवसायाला विशेष अडचणीचा आहे, कारण झाकणे हा या कारागिरीचा भागच आहे : काचेची कड पट्टीच्या खाचेत लपते, चित्राची कड माउंटखाली जाते आणि पाठीवर कागद चिकटवला की आतले काहीच दिसत नाही. म्हणून झाकणे आणि फसवणे यांतील सीमारेषा दोषाच्या स्वरूपावरून ठरवावी लागते.

काही दोष कामातच नाहीसे होतात. लांब पट्टीवरचा ओरखडा पंचेचाळीस अंशांच्या कापात तुकड्याबरोबर गळून पडतो आणि उरलेली पट्टी निर्दोषच असते. काही दोष, जसे चार बाजूंच्या छटांतील फरक, डोळ्यांसमोर राहतात, आणि गिऱ्हाईक ते पाहून, भाव ठरवून पत्करू शकते. तिसऱ्या प्रकारचे दोष मात्र आज दिसत नाहीत आणि काळाबरोबर वाढतात : कच्च्या लाकडाची पट्टी वाळताना पिळते व कोपऱ्याचा सांधा उघडतो, तर हलक्या पुठ्ठ्यातील आम्ल हळूहळू कागदात उतरून चित्र पिवळे पाडते. व्यवहारात डोळ्यांना खुपणाऱ्या दोषालाच मोठे मानले जाते. नैतिक दृष्टीने मात्र न दिसणारा दोषच अधिक जड ठरतो, कारण गिऱ्हाइकाची नजर जेथे संपते तेथे विक्रेत्याची जबाबदारी सुरू होते.

हाच प्रश्न देवाच्या तसबिरीसंबंधी अधिक तीव्र होतो. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून देवदेवतांची रंगीत चित्रे सामान्य घरांत पोहोचली आणि मढवलेल्या चित्राला देवघरात स्थान मिळाले. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तांदूळसुद्धा अक्षत, म्हणजे न तुटलेले असावेत, हा संकेत सर्वपरिचित आहे. चौकट ही मूर्ती नव्हे, त्यामुळे तिच्यावरील डागाने पूजा खंडित होते असे म्हणता येणार नाही. शिवाय ‘भाव तेथे देव’ हे तत्त्व मानणाऱ्या भक्ताला ओरखड्याची पट्टीही चालेल.

परंतु हे तत्त्व उच्चारण्याचा अधिकार भक्ताचा आहे, विक्रेत्याचा नव्हे. उणीव पत्करणे हे भक्तीचे औदार्य असले, तरी जी उणीव ठाऊकच नाही ती पत्करता येत नाही, आणि दुसऱ्याच्या भावाच्या भरवशावर हलका पुठ्ठा खपवणे म्हणजे ते औदार्य परस्पर खर्च करणे होय. म्हणून सेकंडचा माल वापरणाऱ्या दुकानदाराचा धर्म स्वस्त माल टाळण्यात नसून, पाठ बंद करण्यापूर्वी ती गिऱ्हाइकाला दाखवण्यात आणि मिळालेल्या सवलतीचा वाटा त्याच्या भावात उतरवण्यात आहे.