खुंटा आणि शेंदूर

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. जाता जाता गाडीवाले तिथे नाणे टाकतात. आख्यायिका अशी, की इंग्रजांना घाटातली वाट या धनगराने दाखवली आणि मोबदल्यात गोळी खाल्ली. मावळच्या दारात बसलेला हा देव म्हणजे घात झालेला माणूस. अवेळी, अन्यायाने मेलेल्याचे जिवंतांनी काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही समाजाला चुकत नाही. त्याचे आपल्याकडचे उत्तर अडाणी भीती म्हणून मोडीत काढले जाते. माझ्या मते त्या भीतीच्या पोटात देणेकऱ्याची जाणीव आहे.

युरोपातले एक उत्तर सरकारी कागदांत नोंदलेले आहे. 1725 साली हॅब्सबर्ग अमलाखालच्या सर्बियात, किसिलोवा गावी पेटर प्लोगोयोविट्झ मेला आणि त्यामागून आठवड्याभरात नऊ माणसे दगावली. गावकऱ्यांनी अधिकाऱ्यादेखत कबर उकरली, प्रेताच्या छातीत खुंटा ठोकला आणि ते जाळून टाकले. पुढे वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्या अहवालानंतर, 1755 साली, मारिया थेरेसाने असे प्रकार बंद पाडले. साथीच्या भयात मेलेलाच गुन्हेगार ठरला; त्याचे काही राहून गेले का, हे विचारायचे कारणच उरले नाही.

मराठी भुतांची नावे मात्र राहून गेलेल्या गोष्टींवरूनच पडली आहेत. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते, वासना मागे ठेवून गेलेला समंध होतो. ही यादी उलटी वाचली, तर कुणाला काय मिळायला हवे होते याचा हिशेब दिसतो. देणे फिटत नसेल तर निदान जागा द्यायची: दगड, शेंदूर, नारळ. लढाईत पडलेल्याला वीरगळ मिळतो; त्यावर खाली झुंज, मध्ये अप्सरा आणि वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर. भाज्याच्या लेण्यांत 14 स्तूप एकत्र उभे आहेत, काहींवर थेरांची नावे कोरलेली. ते थेर काही अतृप्त मेलेले नव्हेत. पण गेलेल्याला नावासकट जागा द्यायची रीत या डोंगरांत सुमारे 2,000 वर्षांची आहे.

शिंग्रोबाला कागदाचा आधार नाही, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, पण कागद कुणाचे, हेही पाहावे. 1856 ते 1863 या काळात घाटात रेल्वे झाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली आणि नवऱ्यामागे कंत्राट तडीस नेणाऱ्या अ‍ॅलिस ट्रेडवेल यांची नावे इतिहासात आहेत. एका वेळी 40,000हून अधिक मजूर राबत होते. रोगराईने आणि अपघातांत मेलेल्या मजुरांची नावे कुठे नाहीत. त्या रिकाम्या जागी एक धनगर बसला आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. शेंदूर फासला की न्याय देण्यातून सुटका होते, आणि तोही सगळ्यांना मिळत नाही. वीराला वीरगळ आहे, हडळीच्या वाट्याला लिंबू-मिरची. जिवंत बाईला चेटकीण ठरवताना तर आपण युरोपाहून वेगळे राहिलो नाही. म्हणूनच 2013 साली, दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने यादी खोटी ठरत नाही. उलट, ती माणूस जिवंत असतानाच वाचायला हवी होती, एवढेच त्यातून निघते. हडळीचे देणे शेंदराने फिटणारे नाही. ते बाळंतीण वाचवूनच फिटते.