माखाच्या बरण्या

‘साँग ऑफ द सी’ या 2014 च्या आयरिश ॲनिमेशनपटात खलनायिका म्हणावी अशी एकच आहे, माखा ही घुबडरूपी चेटकीण, आणि ती कुणाचं वाईट चिंतत नाही. तिचा मुलगा मॅक लिर शोकाने इतका रडला की मुलूख बुडायची वेळ आली. आईला ते पाहवेना, म्हणून तिने त्याच्या भावना काढून घेतल्या आणि तो दगड झाला. दीपगृहासमोरच्या समुद्रातला खडक म्हणजे तोच. तेव्हापासून माखा इतरांच्याही भावना काचेच्या बरण्यांत भरून फळ्यांवर मांडून ठेवते. स्वतःलाही तिने सोडलेलं नाही. तिचं अंग हळूहळू दगडाचं होत चाललं आहे. आयरिश पुराणात मानानान मॅक लिर हा समुद्राचा देव. दिग्दर्शक टॉम मूर यांनी त्याला शोकाने खचलेला महाकाय केलं, ती नुसती कल्पनेची हौस नव्हे. दुःख काढून टाकलं की माणूस सुटतो, या जुन्या समजुतीवरच हा सिनेमा बोट ठेवतो, आणि माझ्या मते योग्य जागी ठेवतो.

पुरावा दीपगृहातल्या घरात आहे. कॉनरची बायको ब्रोना सेल्की होती: पाण्यात सील, कातडं उतरवलं की बाई. धाकट्या सीर्शाच्या जन्माच्या रात्री ती समुद्रात निघून गेली. सहा वर्षं झाली तरी कॉनर त्यावर ब्र काढत नाही, सीर्शाला वाचा फुटलेली नाही, आणि थोरला बेन आई गेल्याचा राग बहिणीवर काढतो. मुलीला सेल्कीचं कातडं सापडतं तेव्हा बाप ते पेटीत घालून समुद्रात फेकतो. हेतू मायेचाच, पण पोर आजारी पडते. कॉनर आणि मॅक लिर या दोघांना ब्रेंडन ग्लीसन यांचाच आवाज आहे. आजी आणि माखा यांना फिओनुला फ्लॅनगन यांचा. घरातलीच माणसं परीकथेत पुन्हा भेटतात ती अशी. ज्या मायेमुळे वियोग सलतो तीच माया मुलांपर्यंत पोचायची असते. कॉनर सल दाबायला गेला आणि समोरची दोन पोरंही त्याला दिसेनाशी झाली.

यावर कुणी गीतेतला स्थितप्रज्ञ पुढे करील. पण त्याच्या वाट्याला दुःख येतच नाही असं गीता म्हणत नाही. दुःखात त्याचं मन खवळत नाही, एवढंच म्हणते. किसा गोतमीची बौद्ध कथा तर आणखी स्पष्ट आहे. मेलेलं मूल घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्ध विसरायला लावत नाहीत. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आणायला धाडतात, आणि दारोदार तिला लोकांचे मृत्यूच ऐकावे लागतात. अधिक जड आक्षेप वेगळा आहे. मॅक लिरच्या आसवांत माणसं खरोखर बुडाली असती. मग शोकाला आवर नको? हवाच, गेलेल्याच्या नावाने घर वेठीला धरणं ही काही निष्ठा नव्हे. पण माखाने शोकाला आवर घातला नाही, शोक करणाराच नाहीसा केला. शेवटी सीर्शा गाते, दगड झालेले जागे होतात, मॅक लिरही उठतो, आणि पूर येत नाही. ब्रोना मात्र राहत नाही. सीर्शा कातडं सोडून माणसांत थांबते, आई जाते, आणि सहा वर्षं अडलेला निरोप घरचे तिला देतात. मुलांच्या सिनेमात आईला घरी ठेवणं सहज खपलं असतं. पण मग माखाचंच म्हणणं खरं ठरलं असतं, की दुःख टळलं तरच घर सावरतं.